जोडारीची चौदावी वही

१

साहेब, खोटं तुम्ही लिहिलंत.

'अभिलेख कक्षातील वही क्रमांक चौदा ही कक्षपाल बाईंनी लांबवली आहे', असं तुमच्या सहीच्या निलंबनाच्या आदेशात आहे. हा आदेश मंगळवारचा. चौकशी समिती नेमल्याचा कागद बुधवारचा. म्हणजे चोर आधी ठरवलात आणि चोरी कशी झाली ते शोधायचं काम नंतर दिलंत. सभागृहातल्या सगळ्यात उंच खुर्चीवर बसणाऱ्या माणसाला वारांचा क्रम तरी कळायला हवा.

समितीत आम्ही तिघं. दोघे तुमचे अधिकारी. नियमात 'एक तांत्रिक सदस्य' लागतो, म्हणून तिसरा मी. सभागृहाच्या बांधणी विभागात मी अठ्ठावीस वर्षं पुस्तकं बांधतोय. शाळा सातवीत सुटली. तुम्हाला वाटलं असेल, हा डिंकाच्या भांड्यावरून मान वर करणार नाही, दाखवू तिथे सही करेल. चुकलात.

वही कुणाची होती ते तुम्हाला ठाऊक आहे, पण वाचणाऱ्यांना सांगतो. आम्ही सगळे त्यांना जोडारी म्हणायचो. एकतीस वर्षं ते सभागृहात होते. मंत्री झाले नाहीत, कुठल्या पाटीवर नाव नाही. त्यांची सगळी भाषणं मी बांधली आहेत, चार पानांत मावतात. ते त्यांच्या पक्षाचे प्रतोद, म्हणजे मतदानाच्या वेळी आपली माणसं गोळा करून आणणारे. जिन्यामागच्या खोलीत दोन खुर्च्या, एक फोन, आणि खिडकीतून समोरची भिंत. कुणाची आई आजारी आहे, कुणाचं कुणाशी बिनसलंय, कोण रुसून गावी बसलाय, हे सगळं त्या खोलीत पाठ असायचं.

त्यांचं खरं काम होतं जोड्या लावायचं. आपला एक सदस्य अडचणीत असेल, येऊ शकत नसेल, तर समोरच्या पक्षाचा प्रतोदही आपला एक सदस्य बाहेर ठेवतो. एक इकडचा, एक तिकडचा; हिशेब सरळ. याला कायदा नाही, फक्त दोन प्रतोदांचा शब्द असतो. जोडारी ते शब्द वहीत टिपून ठेवायचे. डाव्या पानावर आपला माणूस, उजव्या पानावर त्यांचा. अशा बावीस वह्या निवृत्त होताना त्यांनी अभिलेख कक्षाला दिल्या. मीच त्या खाकी कापडात बांधल्या, पाठीवर आकडे टाकले.

चौदावी वही धुळीच्या कायद्याच्या वर्षाची. खडीच्या क्रशरवर पाणी मारायचं, कामगारांना तोंडपट्टी द्यायची, छाती तपासायची, असा तो कायदा. एकसष्ट विरुद्ध साठ. तेव्हा मतं हात वर करून मोजायचे, नावं लिहीत नसत. आणि तुम्ही गेली तेवीस वर्षं सांगत आलात की ते एकसष्टावं मत तुमचं. तुमच्यावर आता पुस्तक येतंय. पुस्तक लिहिणाऱ्याने चौदावी वही मागितली, कक्षपाल बाई, म्हणजे आमच्या ताई, फडताळापाशी गेल्या, वही जागेवर नव्हती.

शुक्रवारी सुनावणी. चोर ठरल्या तर ताईंची सव्वीस वर्षांची नोकरी गेली आणि नावावर कायमचा डाग. माझ्या हातात दोन दिवस होते.

२

ताईंच्या घरचं दार त्यांच्या नणंदेनं उघडलं.

"घ्या, वहिनी. चोराच्या घरी पोलीस येतात म्हणे. आपल्याकडे बाइंडर आलाय. लायकीच नाही आपली मोठी."

"आत तर घ्या त्यांना," ताई आतून म्हणाल्या.

ताई जेवणाच्या टेबलाशी बसल्या होत्या. पुढ्यात तुमचा आदेश, त्यावर चष्मा ठेवलेला. मी सरळ विचारलं, "किल्ल्या किती?"

"आदेशात लिहिलंय एक. खरं म्हणजे दोन. एक माझ्याकडे, दुसरी साहेबांच्या कार्यालयात, पाकिटात बंद. विसरलात का? ते पाकीट तुम्हीच चिकटवलं होतंत. माझ्याकडचा डिंक संपला होता, तर तुम्ही तुमची खळ आणलीत."

आठवलं. मैद्याची खळ मी रोज सकाळी शिजवतो. वाळली की पांढरी धरते आणि पापुद्र्यासारखी सुटते. त्या सीलबंद पाकिटावर ताईंची आडवी सही होती.

"परवा तुमच्या त्या गुळगुळीतनं येऊन दर्शन दिलं," नणंद म्हणाली.

गुळगुळीत म्हणजे तुमचे स्वीय सहायक. आधी ते जोडारींचे सहायक होते, वारं फिरल्यावर तुमच्याकडे आले. कुठलीच गोष्ट त्यांच्या अंगाला चिकटत नाही, म्हणून ते नाव.

"काय म्हणाला?"

"इतका गोड बोलला की मला वाटलं माझ्यासाठी स्थळ घेऊन आलाय. म्हणाला, ताई, पानं देऊन टाका, मी साहेबांच्या कानावर घालतो, प्रकरण मिटेल."

ताई म्हणाल्या, "मी म्हटलं, कसली पानं? अख्खी वहीच गेलीय. तर नुसता हसला."

मी उठलो. दारापर्यंत पोचलो, तर ताईंनी मागून हाक मारली. त्यांचा आवाज खाली गेला होता.

"थांबा. मी एक गोष्ट लपवलीय. आदेश निघायच्या आधीपासून लपवलीय."

३

आयुष्याच्या शेवटच्या वर्षी जोडारी अभिलेख कक्षात येऊन बसायचे. आजारी होते, काठी टेकत यायचे. ताई त्यांना आतल्या खोलीत टेबल द्यायच्या, दिवा लावून द्यायच्या आणि आपल्या कामाला लागायच्या. पस्तीस-चाळीस दिवस ते असे आले. येणाऱ्यांच्या नोंदवहीत एकही नोंद नाही.

"त्यांच्याच वह्या," ताई म्हणाल्या. "स्वतःच्या वह्या बघायला आलेल्या माणसाला मी सही कर म्हणू? जीभच रेटली नाही. आता हे बाहेर आलं तर मी संपले."

खरं होतं. बेकायदा माणूस आत सोडला एवढं एकच कलम तुम्हाला पुरलं असतं. मी त्यांना म्हटलं, हे मी लिहिणार आहे, पण तुमच्याविरुद्ध नाही. त्या रडल्या नाहीत. चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "लिहा. ते यायचे याची मला लाज नाही."

तिथून मी तुमच्या कार्यालयात. गुळगुळीतनं खुर्ची दिली, पाणी दिलं, माझ्या तब्येतीची चौकशी केली.

"तुम्ही कशाला दगदग करता? अहवाल तयार आहे. फक्त सही."

"दुसरी किल्ली बघायची आहे."

त्यानं ड्रॉवर उघडला, पाकीट माझ्या हातात दिलं. सीलबंद. ताईंची सही जागच्या जागी. मी पाकीट उजेडात धरलं, कडेवरून अंगठा फिरवला, परत दिलं.

"बघा, हातही लागलेला नाही," तो म्हणाला.

"दिसतंय."

"बाई भल्या आहेत हो. कुणीतरी फूस लावली असणार. तुमचं ऐकतात त्या. सांगा ना, पानं कुठे ठेवलीत तेवढं बोला म्हणावं. साहेब मोठ्या मनाचे आहेत."

पुन्हा पानं. मी नमस्कार केला आणि उठलो. जिना उतरताना मात्र डोकं भणभणायला लागलं. वही हरवली की माणूस वही मागतो. पानं का मागत होता हा?

४

संशयितांच्या यादीत तुम्ही जोडारींच्या मुलीचंही नाव घातलं होतंत, कारण तिनं एक वही परत मागणारं पत्र लिहिलं होतं. ती दातांची डॉक्टर. मी गेलो तेव्हा खुर्चीत एक माणूस आ वासून पडला होता.

"बसा, काका. बोला. हा सगळं ऐकेल, पण कुणाला सांगायच्या परिस्थितीत नाही."

खुर्चीतला माणूस घशातून काहीतरी म्हणाला.

"वही कशाला मागितलीस, बाळ?"

"बाबांनी घरात स्वतःच्या अक्षराचं काही ठेवलंच नाही हो. किराण्याची यादीसुद्धा फोनवर सांगायचे. म्हटलं एक वही द्या, कुठलीही द्या. कार्यालयानं उत्तर पाठवलं, नियमात बसत नाही."

तिच्या आवाजात राग नव्हता. माझ्यात होता. आणि मग बोलता बोलता माझ्या तोंडून सहज निघून गेलं, "शेवटी शेवटी साखरेनं फार छळलं ना त्यांना? बोटं टोचून टोचून चाळण झाली होती. मी बघायचो."

तिचे हात थांबले.

"साखर? बाबांना साखर कधीच नव्हती, काका. बोटांचं मीही विचारलं होतं त्यांना. म्हणाले, कोटाचं अस्तर शिवत होतो."

मी तिथून जिना उतरून धावत सुटलो. पन्नाशी उलटलेला माणूस रस्त्यानं धावताना कसा दिसतो याची मला त्या दिवशी पर्वा नव्हती.

५

का धावलो ते सांगतो.

फार वर्षांपूर्वी जोडारी दुपारी बांधणी विभागात टेकायला यायचे. एकदा त्यांनी मला शिवता शिवता कार्यवृत्त वाचताना पकडलं. म्हणाले, "काय कळलं?" मी म्हटलं, "ओ की ठो नाही." म्हणाले, "मग शेवटाकडून वाच. आधी मतं किती पडली ते बघ. मग भांडण कशावरून झालं ते शोधत मागे जा." असं मागून पुढे वाचत मी वाचायला शिकलो, साहेब. आज हे लिहितोय ते त्या एका वाक्यामुळे. बदल्यात त्यांनी माझ्याकडून शिवण मागितली. "आयुष्यभर माणसं जोडली, एकदा कागद जोडून बघू." मी त्यांना जुजबंदी शिकवली. जुज म्हणजे कागदांची दुमडलेली घडी. अशा घड्या एकीला एक शिवल्या की वही होते. गाठ त्यांना कधी नीट जमली नाही. कडेला मारायची ती मधोमध मारायचे.

त्यांच्या प्रत्येक वहीत आठ जुजं. ती मीच मोजून बांधलीत.

फडताळापाशी गेलो. चौदावीची जागा रिकामी. शेजारी पंधरावी. मी ती बाहेर काढली, उघडली नाही, फक्त कड बघितली. लिहिलेल्या कागदाची कड मळते. हात लागतो, पेन्सिलची भुकटी बसते. कोऱ्या कागदाची कड पांढरीच राहते. पंधराव्या वर्षी सभागृह तीन महिन्यांत बरखास्त झालं होतं. त्या वर्षी जोड्या लागणार किती? बांधताना माझ्या हाताला ते लागलं होतं: एक जुज भरलेलं, सात कोरी. तिची कड पांढरीशुभ्र हवी होती.

ती वरपासून खालपर्यंत मळलेली होती.

मी मधली शिवण बघितली. गाठ मधोमध.

पंधरावीच्या पुठ्ठ्यात पहिलं जुज पंधरावीचं आणि पुढची सात चौदावीची होती. म्हणजे चौदावीच्या पुठ्ठ्यात पंधरावीची कोरी जुजं गेली असणार. मरायला टेकलेल्या माणसानं, सुईनं चाळण झालेल्या बोटांनी, चाळीस दिवस बसून दोन वह्यांची पोटं बदलली होती.

धुळीच्या कायद्याचा दिवस काढला. डाव्या पानावर तुमचं नाव, साहेब. पुढे लिहिलंय: 'परदेशी पाहुण्यांबरोबर धरण बघायला. परत उद्या.' उजव्या पानावर त्यांच्या पक्षातल्या एक शिक्षिका-सदस्य: 'नवऱ्याचं ऑपरेशन.' खाली दोन्ही प्रतोदांच्या आद्याक्षरांच्या सह्या.

एकसष्टांत तुम्ही नव्हतातच.

त्याखाली पेन्सिलनं, बारीक अक्षरात, आणखी एक ओळ होती. ती दिव्याखाली धरून वाचली: 'ती दारापर्यंत आली होती. बापूनं परत पाठवलं. बापू आहे तोवर हे बाहेर पडू नये.'

६

बापू म्हणजे समोरच्या पक्षाचा तेव्हाचा प्रतोद. आता वय ब्याऐंशी. दुसऱ्या मजल्यावर एकटे राहतात. मी गेलो तेव्हा गॅलरीत बसून एकट्यानं पत्ते खेळत होते.

"कोण? बांधणीवाला? ये. बस. मी हरतोय स्वतःकडून, जरा मदत कर."

मी ती ओळ त्यांच्यापुढे धरली. त्यांनी भिंगातून वाचली. मग भिंग पत्त्यांवर ठेवलं.

"लबाड," ते म्हणाले. "मला म्हणाला होता लिहिणार नाही म्हणून."

"काय झालं होतं, बापू?"

"काय व्हायचंय? ऑपरेशन पुढे ढकललं. बाई टॅक्सीतून उतरली, धापा टाकत दाराशी. म्हणाली, बापू, आलेय मी, हात वर करते. तिला आत घेतली असती तर एकसष्ट-एकसष्ट. समान मतं पडली की विधेयक पडतं. माझा पक्ष जिंकला असता."

"मग?"

"मग काय मग? जोडारीचा तो गडी माझ्या शब्दावर धरण बघायला गेलेला. त्याच्या पाठीमागे मी माझी बाई आत घुसवू? म्हटलं, बाई, घरी जा, नवऱ्याजवळ बस. शहाणी होती. गेली."

"आणि तुमच्या पक्षानं?"

"विचारलं, एक मत कमी कसं पडलं. मी म्हटलं, मोजण्यात चुकलो. प्रतोदपद गेलं. पुढची वीस वर्षं मला काय म्हणायचे माहितीय? बोटं-मोजे. म्हणजे बोटांवर मोजूनही चुकतो तो. पोरं बोटं दाखवायची मला." ते हसले. "जोडारी मात्र दर महिन्याला यायचा. त्या दिवसाबद्दल एक शब्द नाही. पत्ते खेळायचा आणि मुद्दाम हरायचा, गाढव."

मी म्हणालो, "बापू, माझी थोरली बहीण तेव्हा क्रशरवर होती."

"खोकते?"

"नाही. नातवंडं सांभाळते."

"मग झालं तर." ते परत पत्त्यांकडे वळले.

मी ताईंचं सांगितलं. शुक्रवारची सुनावणी, आदेश, सगळं. आणि म्हटलं की ही ओळ तुम्ही आहात तोवर बाहेर जाऊ नये अशी त्यांची इच्छा आहे. तुम्ही नाही म्हणालात तर वही जागेवर ठेवतो, ताईंसाठी दुसरी वाट शोधतो. दुसरी वाट नव्हती. त्यांनाही ते कळलं.

"त्यानं मला झाकलं, ते त्याचं देणं त्यानं फेडलं," बापू म्हणाले. "पण माझी लाज झाकायला एका बाईची नोकरी जात असेल तर तो वर बसून मला शिव्या घालेल. फोड. माझ्या नावासकट फोड. शिक्षिका बाई आता नाहीत, त्यांना कोण काय करणार? आणि आता तू खेळ माझ्याशी. मुद्दाम हरू नकोस."

खरं सांगतो, मी खेळलो आणि सरळ हरलो.

७

शुक्रवारी समितीपुढे मी उभा राहिलो. तुमचे दोघे अधिकारी टेबलापलीकडे, गुळगुळीत कोपऱ्यात, ताई दाराशी. एका अधिकाऱ्याचं लक्ष पंख्याकडे होतं. जे तिथे बोललो तेच इथे लिहितो, कारण इतिवृत्तात ते आलेलं नाही.

चौदावीचा पुठ्ठा चोरणाऱ्यानं घरी जाऊन तो उघडला तेव्हा आत आठही जुजं कोरी होती. सात पंधरावीची, आणि एक तिचंच, शेवटचं, न वापरलेलं. चोराला वाटलं, ताईंनी आधीच पानं बदलून ठेवली, आपल्याला फसवलं. म्हणून तो ताईंकडे वही मागत नाही, पानं मागतो. वही हरवली हे सगळ्यांना माहीत होतं. पुठ्ठ्यात पानं नाहीत हे फक्त एकाला कळू शकतं: ज्याच्या हातात तो पुठ्ठा आहे.

"मी सहज म्हणालो. बोलण्याची पद्धत असते एकेकाची," गुळगुळीत म्हणाला.

"दोनदा सहज? ताईंच्या घरी, नणंदेसमोर, आणि कार्यालयात, माझ्यासमोर?"

मग मी पाकीट मागवलं. मी चिकटवलं तेव्हा खळ होती. आता कडेला पिवळा, चकाकणारा, बाटलीतला डिंक होता, आणि त्याच्याखाली माझ्या खळीचे पांढरे पापुद्रे अजून चिकटलेले. वाफ देऊन उघडलंय, किल्ली वापरून परत ठेवलीय. सही फाटू नये याची काळजी घेतली. चिकटवलं कशानं होतं ते बघायची काळजी कुणी घेतली नाही, कारण डिंकाकडे बघायचं काम तुमच्या लेखी आमच्यासारख्यांचं.

पाकीट तुमच्या कार्यालयात होतं. ताई तिथे जात नाहीत.

मी पंधरावी उघडून ते पान टेबलावर ठेवलं. पंखा बघणाऱ्या अधिकाऱ्याचं लक्ष खाली आलं. त्यानं पान दोनदा वाचलं आणि चष्मा काढून ठेवला. गुळगुळीत तेवढ्यात एकच वाक्य बोलला, आणि ते त्याच्या आयुष्यातलं पहिलं खरखरीत वाक्य असेल: "मी माझ्या मनानं काहीही केलेलं नाही."

ताईंनी त्या बिननोंदीच्या चाळीस दिवसांबद्दल स्वतःहून सांगितलं. मग पुढे येऊन त्या पानावर, जोडारींच्या अक्षरावर, हात ठेवला. "दिवा बंद करू का विचारायला मी आत जायची," त्या म्हणाल्या, "तर ते म्हणायचे, थोडं राहिलंय, ताई. मला वाटायचं वाचायचं राहिलंय."

या सगळ्यावर समितीनं काय ठरवलं? 'प्रकरण वरिष्ठांच्या अभिप्रायार्थ सादर.' म्हणजे तुमच्या विरुद्धचा कागद तुमच्याच टेबलावर.

त्याला अकरा दिवस झाले. त्या पानाच्या प्रती बापूंकडे, डॉक्टर मुलीकडे आणि माझ्याकडे आहेत, म्हणून ड्रॉवर बंद करून उपयोग नाही. मला तुमची खुर्ची नको. तुम्ही धरण बघायला गेलात यातही गुन्हा नाही. त्या दिवशी बाहेर राहून तुम्ही कायद्याच्या आड आला नाहीत, हे उपकारच. तेवीस वर्षं एवढंच खरं बोलला असतात तर लोकांनी तुम्हालाही धन्यवाद दिले असते. मी आज माझे धन्यवाद जागच्या जागी पोचवतो: जिन्यामागच्या खोलीत बसलेल्या माणसाला, दारातून परत गेलेल्या शिक्षिका बाईंना, बोटं-मोजे म्हणवून घेणाऱ्या बापूंना, आणि ज्यांची जीभ एका आजारी म्हाताऱ्याकडे सही मागायला रेटली नाही, त्या ताईंना.

ताई येत्या सोमवारी साडेदहाला कामावर येणार आहेत. बापू सोबत येतो म्हणालेत, नणंदही. दारावरच्या पहारेकऱ्याकडे तुमचा निलंबनाचा आदेश अजून लटकतो आहे. तो तुम्ही सोमवारच्या आत मागे घेणार आहात की नाही? हो किंवा नाही, एवढंच लिहा. आणि या वेळी सही करण्याआधी वाचा.